एकसष्ट नंबरची टोपी

“टोपी घाल. तळ्यावरून वारा येतोय,” हिल्का म्हणाली.

तौनो काइपिआइनेनने आरशात न बघताच टोपी घातली. आरशात बघितले की एकाहत्तर वर्षांचा एक घाबरलेला माणूस दिसायचा, आणि मतदानाच्या दिवशी सकाळी त्याला भेटायची तौनोची इच्छा नव्हती.

तौनो एकेकाळी देशाचा पंतप्रधान होता. चौदा महिने. मग एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सरकार पडले आणि घरातला फोन गप्प झाला. आता तो वाजायचा तो दातांच्या डॉक्टरकडून, आणि तोही आठवण करून देण्यापुरता. कोणी काही विचारत नव्हते. म्हणून तौनोने गावाच्या पंचायतीसाठी अर्ज भरला होता. सव्विसाव्या वर्षी त्याने याच पंचायतीत सुरुवात केली होती.

“पडलो तर?” त्याने दारातून विचारले.

“तर लाकडी घाटाच्या फळ्या बसवशील,” हिल्का म्हणाली. “तळ्याकडे उतरताना तिसऱ्या पायरीशी भोक आहे. पाच वर्षं आहे.”

“या निवडणुकीनंतर नक्की.”

“हो,” हिल्का म्हणाली. तिने हे ‘निवडणुकीनंतर नक्की’ पहिल्यांदा ऐकले तेव्हा तो मंत्रीसुद्धा नव्हता.

*निवेदन, मसुदा पहिला. हीएतासाल्मीच्या मतदारांनी माझ्यावर दाखवलेल्या विश्वासाने मी भारावून गेलो आहे.*

मतदान शाळेच्या व्यायामशाळेत होते. टेबलामागे लेम्पी सारेला बसली होती. पहिलीत ती तौनोच्या शेजारच्या बाकावर बसायची आणि तेव्हाही अशीच बघायची.

“टोपी काढ.”

“थंडी आहे गं इथे.”

“काढ म्हणते ना. आत चालत नाही ती.”

वळण म्हणून म्हणत असेल, असे वाटून तौनोने टोपी खिशात कोंबली. मतपत्रिका घेऊन तो आडोशाला गेला. पत्रिकेवर एक गोल छापलेला असतो, त्यात आपल्या उमेदवाराचा नंबर पेन्सिलीने लिहायचा. बस. तौनोने लिहिला, घडी घातली, लेम्पीने शिक्का मारला, पत्रिका पेटीत पडली.

बाहेर सगळ्या उमेदवारांचे फोटो लावलेला फलक होता. तौनो त्याच्यासमोर थांबला, कारण तिथे त्याचा फोटो होता आणि तो बरा आला होता. फोटोखाली नंबर होता त्रेचाळीस.

त्रेचाळीस.

त्याच्या हाताने एकसष्ट लिहिले होते.

चोवीस वर्षांपूर्वी एकसष्ट नंबरवर तौनो देशात सगळ्यात जास्त मतांनी निवडून आला होता. पुढच्या निवडणुकांत नंबर बदलत गेले, पण हा अंगात मुरला. होडीवर एकसष्ट. सायकलच्या कुलपाला एकसष्ट. पेन्सिल हातात आली, समोर गोल दिसला, आणि हाताने मालकाला न विचारता काम उरकले.

तो परत आत गेला.

“लेम्पी, समजा एखाद्याने चुकीचा नंबर लिहिला…”

“मग ज्याचा नंबर, त्याला मत.”

“आणि त्याला ती पत्रिका परत हवी असेल तर?”

“पेटीतून?” लेम्पीने चष्मा खाली ओढला. “तौनो, तू देश चालवलास ना रे?”

“मी आपला एका ओळखीच्या माणसासाठी विचारतोय.”

“त्या माणसाला सांग, कॉफी पी आणि घरी जा.”

*निवेदन, मसुदा दुसरा. प्रत्येक मत मोलाचे असते. हे मी आज नव्याने*

(इथे कागद फाटला आहे.)

एकसष्ट नंबर होता आउने उर्युलाचा. आउने चाळीस वर्षे गावात टपाल वाटत होती आणि आता मधमाश्या पाळत होती. तौनोच्याच पक्षाच्या यादीत एक नाव कमी पडत होते म्हणून तिला उभे केले होते, आणि तिने अट घातली होती: निवडून आणायचे नाही.

एका मताने काय होते, असे स्वतःला समजावत तौनो कॉफीच्या टेबलाशी गेला. मत दिल्यावर कॉफी आणि वेलचीचा गोड पाव घ्यायचाच असतो, मग आत काहीही होऊन गेलेले असो. तिथे शेजारचा ओइवा उभा होता.

“तौनो,” ओइवा म्हणाला आणि बराच वेळ पाव चावत राहिला. “तुझं एक मला फार आवडलं.”

“काय?”

“एवढा मोठा माणूस, आणि महिनाभर दारोदार फिरलास. आउनेसाठी.”

“कोणासाठी?”

ओइवाने त्याच्या खिशाकडे हनुवटी केली. तौनोने टोपी बाहेर काढली. निळी लोकर, आणि कपाळावर पांढऱ्या लोकरीने विणलेला, वीतभर उंच, एकसष्ट. त्या मोठ्या विजयाच्या हिवाळ्यात हिल्कानेच विणली होती ती.

महिनाभर. एकशे बारा दारे.

“तू काही बोलला का नाहीस?”

“दुसऱ्याच्या टोपीबद्दल मी कशाला बोलू?” ओइवा खरोखर दुखावला. “आमच्या घरात घोळ झाला मात्र. पत्रकावर तुझा नंबर, डोक्यावर तिचा. शेवटी मी पत्रकाला दिलं, बायकोनं टोपीला.”

तौनोने कप टेबलावर ठेवला. एकशे बारा घरांनी ते बघितले होते. एकशे बारा घरांनी दार उघडले, टोपी वाचली, मान डोलावली आणि दार लावले. तोंडावर बोलून दाखवण्याइतका उद्धटपणा या गावात कोणाकडेच नव्हता.

*निवेदन, मसुदा तिसरा. टोपीविषयी उठलेल्या चर्चेबाबत (चर्चा उठलेली नाही. खोडावे.)*

रविवारी रात्री निकाल आला. पक्षाच्या यादीतली शेवटची जागा उरली, आणि तिच्यासाठी दोघे. काइपिआइनेन सत्तेचाळीस. उर्युला सत्तेचाळीस. बुधवारी सकाळी दहा वाजता चिठ्ठी काढून निर्णय.

सोमवार आणि मंगळवार तौनोने एकच बेरीज केली. माझे एक मत तिच्याकडून काढा, सेहेचाळीस. माझ्याकडे घाला, अठ्ठेचाळीस. तो बेरीज बटाटे सोलताना करायचा, सौनाच्या वाफेत बाकावर बसून करायचा, आणि दर वेळी पंचायतीत निवडून यायचा. हिल्काला त्याने काही सांगितले नाही. हिल्कानेही काही विचारले नाही. ती खिडकीतून घाटाकडे बघत होती.

बुधवारी पंचायतीच्या कचेरीत आउने आधीच येऊन बसली होती. तिच्या कोटाला मधमाश्यांना द्यायच्या धुराचा वास होता आणि चेहरा खटल्याला आलेल्या माणसाचा.

“कोणी दिली रे मला ही मतं?” ती कुजबुजली. “मी एकाकडेही मागितलं नाही. माझं स्वतःचंसुद्धा मी मला दिलं नाही.”

“मग कोणाला दिलंस?”

“तुला, गाढवा! म्हटलं, म्हातारा या थंडीत एवढा फिरतोय, माझाच नंबर डोक्यावर घेऊन. मी एवढंही करू नये?”

चौदा महिन्यांच्या कारकिर्दीत विरोधकांनी त्याच्यावर नाही नाही ते फेकले होते. पण असे कोणी वागले नव्हते.

“आउने, ऐक. मी त्या दिवशी…”

“शांतता,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी कॉफीच्या रिकाम्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, डबा हलवला, हात घातला. तौनो मनाशी म्हणाला: एकदा, एकदाच कोणीतरी मला काहीतरी विचारावे.

“एकसष्ट.”

“मेले!” आउने म्हणाली.

दारात वार्ताहर मुलगी उभी होती. “माजी पंतप्रधान चिठ्ठीवर हरले. काय म्हणाल? नशीब?”

“हो,” तौनो म्हणाला. “नशीब.” आणि त्याने उजवा हात खिशात लपवला.

गावातून घरापर्यंत चार जणांनी त्याला नशिबाबद्दल धीर दिला. प्रत्येक धीराबरोबर तो थोडा वाकत गेला. स्वयंपाकघरात शिरला तेव्हा त्याच्याने आणखी राहवले नाही.

“हिल्का, नशीब नव्हतं ते. मी मलाच मत दिलं नाही. चुकून एकसष्ट लिहिलं. लाज वाटते सांगायला.”

हिल्का राईचा पाव कापत होती. तिने कापता कापता सुरी थांबवली नाही.

“तू चुकून लिहिलंस,” ती म्हणाली. “मी बघून लिहिलं.”

तौनोने खिशातून टोपी काढून टेबलावर ठेवली.

“आणि ही? वीस वर्षं कपाटात होती. कोणी काढली?”

“वारा होता,” हिल्का म्हणाली, आणि टोपीशेजारी हातोडी ठेवली.

*निवेदन, अंतिम. मतदारांनी दिलेला कौल मला मान्य आहे. घरातल्या दोघांचाही.*