सुभानरावांनी प्रधानकी नाकारिली त्याची हकीकत

श्री दरबारनिवासिनी प्रसन्न. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी राज्यात जे घडले ते ऐकिले तैसे लिहिले आहे, आणि दोन शब्द पदरचे असल्यास थोरांनी सोसून घ्यावे.

सुभानराव वाकडे हे जुने मुत्सद्दी, आणि बहुत खाती त्यांनी भोगिली. राज्याची रीत ऐसी की, हुजुरांनी पदाचा विडा पुढे केला असता पहिल्याने "नको" म्हणावे, मग "माझी योग्यता नाही" म्हणावे, आणि तिसऱ्या आग्रहास डोळे पुसून विडा उचलावा. रावांनी हरएक खाते ऐसेच घेतले. मग मुख्य प्रधानकी रिकामी जाहली आणि हुजुरांनी विडा रावांपुढे केला, आणि रावांनी तिसऱ्या आग्रहासही हात जोडिले आणि बोलिले, "पुरे झालं, हुजूर. आता गावी जातो." दरबार चपापला. रावांमागे उभे राहून मल्हारपंत खासनिसांचे केस पिकले होते, आणि प्रधानकीवाचून त्यांस दुसरा ध्यास नव्हता. त्यांनी हर्ष मानावा, तो त्यांस संशय आला. तैसेच उठून रावांचे घरी गेले आणि पुसते जाहले, "रावसाहेब, खरं सांगा, डाव काय आहे?"

"डाव कसला, पंत? दमलो."

"कोणी दमवलं?"

"गुडघ्यांनी."

पंतांस हे पटेना. मग त्यांनी रावांच्या वैद्यामागे माणूस लाविला, आणि माणसाने खबर आणिली की गुडघे खरेच दुखतात, तेव्हा तर वैद्यही फितूर ऐसी पंतांची खात्री जाहली. म्हातारा आपली हाव जोखतो आहे, आपण घाई केली की गळ्यात फास, ऐसे त्यांनी ताडिले. दुसरे दिवशी विड्याचे तबक पंतांपुढे आले. पंतांनी मान लवविली आणि बोलिले, "नको, हुजूर. रावांवाचून हे पद कोण पेलणार?"

हुजूर बोलिले, "बरं, तुमची मर्जी." आणि तबक पुढे सरकले.

पुढे मानाजी बोरकुटे, दरबारात नवे, रीतभात ठाऊक नाही. त्यांनी विडा उचलिला आणि तोंडात घातला. पंतांची "माझी योग्यता नाही" ओठांवरच राहिली, आणि त्यांस भर दरबारी रडू आले. लोकांस वाटले, मानाजींच्या भाग्याने गहिवरले.

राव गावी गेले, आणि पंतांची माणसे अद्यापि त्यांच्या वेशीवर बसून आहेत. सारांश, रावांच्या नकारावर कोणीही विश्वास ठेविला नाही, आणि पंतांच्या नकारावर पहिल्याच खेपेस सर्वांनी ठेविला. येणेप्रमाणे वर्तमान जाहले.