सगळ्यांना नऊची वेळ

सुट्टीच्या सकाळी नवरोबांनी पंखा पुसायचं कबूल केलं होतं. पण स्टुलावर चढण्याआधी त्यांनी फोन पाहिला आणि तिथेच घात झाला.

नवरोबांचा एक ओपन सोर्स प्रकल्प होता. म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, हवा तसा सुधारावा असा, दवाखान्याच्या अपॉइंटमेंट सांभाळणारा प्रोग्राम. जगाला खुला असला तरी जगाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वापरणारं गिऱ्हाईक एकच, दातांची डॉक्टर असलेली त्यांची बायको (आणि तीसुद्धा संसार टिकावा म्हणून). आज त्या प्रकल्पाखाली कुणा अनोळखी माणसाने विचारलं होतं, "अजून हा जुना पॅकेज मॅनेजर वापरता?" पुढे एक हसणारं तोंड.

पॅकेज मॅनेजर म्हणजे प्रोग्रामला लागणारं तयार सामान बाहेरून आणून देणारा. जुना स्वभावाने भिडस्त, यादीत नसलेलंही पदरात टाकायचा. नवा कडक शिस्तीचा, यादीत असेल तेवढंच देणार. ते हसणारं तोंड नवरोबांच्या जिव्हारी लागलं. दुपारपर्यंत त्यांनी जुन्याला नारळ दिला.

"पंखा झाला का रे?" आतून बायकोने विचारलं.

"थांब, मोठं स्थलांतर चाललंय."

"कुठे?"

"इथल्या इथेच."

"मग इथून स्टुलावर कर!"

प्रोग्रामच्या चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, आल्या. नवरोबांनी घरबसल्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरही नवी आवृत्ती चढवली. पंखा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला बायकोचा फोन. "अरे, माझ्या दारात चौदा माणसं उभी आहेत. चौदाही गाल धरून!"

"वा! प्रॅक्टिस वाढली की."

"सगळ्यांना मेसेज गेलाय, नऊ वाजता या म्हणून! खुर्चीत आधी कोण बसणार यावरून भांडतायत. एरवी त्याच खुर्चीला घाबरतात!"

अपॉइंटमेंटची वेळ वाचून घेणारं पॅकेज नवरोबांनी यादीत लिहिलेलंच नव्हतं. जुना ते न सांगता आणायचा, नव्याने आणलं नाही. आणि वेळ कळली नाही तर नऊ धरावे, ही प्रोग्राममधली ओळ खुद्द नवरोबांची. चाचण्यांमध्येही त्यांनी प्रत्येक पेशंटला नऊचीच वेळ दिली होती (दुसरा आकडा टाईप करायचा कंटाळा).

एकुलतं एक गिऱ्हाईक गेलं तर प्रकल्प संपलाच. यादीत त्या पॅकेजचं नाव घालून नवरोबा लॅपटॉपसकट दवाखान्यात धावले. रिसेप्शनिस्टबाईंच्या पुढ्यात जाडजूड वही होती.

"दुरुस्त झालं, बाई! पाच मिनिटं कॉम्प्युटर द्या."

"आज नाही जमणार, सर. गुरुवारी साडेचार चालेल?"

"अहो, मी नवरा आहे त्यांचा!"

"माहितीये. मॅडमच म्हणाल्या, तुम्हाला गुरुवारच्या आत घ्यायचं नाही."

नवरोबा नरमले. "बरं, लिहा साडेचार."

बाईंनी हातातलं पेन ठेवलं आणि पेन्सिल उचलली.

"सगळे पेशंट पेनाने, आणि मी पेन्सिलीने?"

"तुमचा प्रोग्राम ठेवायचा की नाही, ते मॅडमचं अजून ठरलेलं नाही, सर. खोडायला सोपं पडतं."