कुठले जाधव

आमच्या सोसायटीची लिफ्ट आडनाव सांगितल्याशिवाय वर जात नाही. त्यामुळे परवा मी गॅलरीत कपडे वाळत घालत असताना खालच्या मजल्यावरच्या खासनीस वहिनी फोनवर "अहो, त्या नव्या जाधवांना लिफ्टनं सरळ…" एवढंच म्हणाल्या आणि त्यांच्या कुकरची शिट्टी झाली, तेव्हा मला राहवेना. सरळ काय? माणसानं वाक्य तरी पुरतं करावं. ओले कपडे तसेच टाकून मी खाली गेले.

लिफ्टचं दार उघडं होतं. समोर चौथ्या मजल्यावरची नवी भाडेकरू प्रणाली आणि तिची आई. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, नुकतीच हॉस्पिटलातून सुटलेली, वॉकर धरून कशीबशी उभी.

"जाधव कुठले?" लिफ्ट विचारत होती.

"कराडचे."

"ते कळलं हो. पण त्यातले कुठले?"

"चौथ्या मजल्यावरचे."

"चिडू नका ताई. सहज विचारलं."

गोखले, शहा यांना लिफ्ट एका दमात नेते. जाधव, मोरे, पवार आले की अडते, कारण ही आडनावं सगळ्यांत असतात. तिचाही नाइलाज आहे.

चेअरमन खासनीस आले. "सांगून टाका ना," ते म्हणाले. "आपल्याकडे कोण मानतं असलं काही?"

"मानत नाही तर विचारता कशाला?"

"मी कुठे विचारतोय? लिफ्ट विचारतेय."

आईंचे पाय थरथरायला लागले होते. मी वॉचमनची खुर्ची ओढून लिफ्टमध्ये ठेवली, त्यांना बसवलं आणि प्रणालीला म्हटलं, "अगं, हळूच सांग तिच्या कानात. मी ऐकत नाही." प्रणालीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लिफ्टच्या बाहेर आले.

"कुठले जाधव?" लिफ्टनं पुन्हा विचारलं.

"उजवा गुडघा बदललेले," आई म्हणाल्या.

लिफ्टनं दार अर्धं मिटून पुन्हा उघडलं. "यांच्यात अजून कोण कोण येतं?"

"आमच्या वॉर्डात सोमण होते, शेख होते, कांबळे होते. एक सिंधी बाई होत्या."

"अच्छा. मोठा समाज आहे," लिफ्ट म्हणाली आणि दोघींना घेऊन वर गेली.

ती परत खाली आल्यावर खासनीस आत शिरले. त्यांचाही गुडघा मागच्या वर्षी बदललाय, त्यांनी तो ऐटीत सांगितला.

"डावा का," लिफ्ट म्हणाली. "डावे कुठले? म्हणजे कुठल्या हॉस्पिटलचे?"

"ते तुला कशाला हवंय?"

"सहज विचारलं."

खासनीस बाहेर आले. कठडा धरून एकेक पायरी चढायला लागले. त्यांच्यामागे मीही, कारण पुढे जाता येईना आणि वर माझे कपडे ओले.

वहिनी दारातच उभ्या होत्या. म्हटलं, मघाचं वाक्य पुरं करा आधी.

"लिफ्टनं सरळ जिन्यानं पाठवलं म्हणे," त्या म्हणाल्या. "जाधवांना."

"जिन्यानं पाठवलं खरं," मी म्हटलं आणि खासनीसांना आत जायला वाट दिली.