सरपण-बचावाची कढई

एका जंगलात लढाई चालू होती. कुठलं जंगल ते विचारू नका, पोरांनो. नाव सांगितलं तर म्हणाल, हे तर आमचंच. गप बसा आणि ऐका.

नदीअलीकडचा सिंह म्हणायचा, माझ्या डरकाळीचा पडसाद पलीकडचा सिंह चोरतो. पलीकडचा म्हणायचा, पडसाद मुळात माझाच. एवढ्यावरून लढाई. हसू नका. मोठ्यांच्या लढायांना याहून मोठं कारण मी तरी पाहिलं नाही.

लढाईला भाले लागतात, भाल्यांना भट्ट्या, भट्ट्यांना लाकूड. म्हणून अलीकडच्या राजानं हुकूम सोडला, घराघरातलं सरपण वाचवा. त्यासाठी नवं खातं काढलं आणि खात्यावर बगळा बसवला. बगळाच का? तर तो पांढराशुभ्र असतो आणि एका पायावर उभा राहून विचार करतो. त्याच्या घरी चूल नव्हती. मासा तो कच्चाच गिळायचा. पण साहेबाला चूल माहीत असावी असा कुठं कायदा आहे?

त्या जंगलात ठकूबाई नावाची साळिंदरीण राहायची. नवरा लढाईवर गेलेला. पदरात एकच लेक, चिमी. तिला छातीचा खोकला. उजाडताना पोरीची छाती भरून यायची. ठकूबाई तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करायची आणि तिला शेकायची. शेक मिळाला की पोरगी मोकळा श्वास घ्यायची. नाही मिळाला तर काय, ते बोलायला नको.

एक दिवस ठकूबाईच्या बिळाच्या तोंडावर पोस्टर चिकटलं. शेजारची सोनाक्का वानरीण दोन बुकं शिकलेली. तिनं वाचून दाखवलं, "निजण्याआधी चुलीवर पाणी ओता. राखेत झाकलेला निखारा म्हणजे शत्रूला मदत."

"आणि सकाळी काय करायचं, सोनाक्का?"

"सकाळचं पोस्टर अजून यायचंय."

तुम्ही गॅसवरची पोरं, तुम्हाला सांगायला हवं. त्या जंगलात रात्री चुलीत गव्याच्या शेणाच्या गोवरीचा तुकडा खुपसायचे आणि वर राख ओढायचे. सकाळी राख सारून फुंकर मारली की चूल तयार. एखादीचा निखारा विझलाच तर ती शेजारणीकडून विस्तव आणायची. एका घरचा विस्तव अख्ख्या आळीला पुरायचा. सरपण वाचवायची अक्कल त्यांना होती, फक्त ती कुणी छापली नव्हती.

पण राजाचा हुकूम. ठकूबाईनं चुलीवर पाणी ओतलं. सगळ्यांनीच ओतलं. सकाळी जंगलभर कुणाकडेच विस्तव नाही. मग घराघरात गारगोट्या घासा, वाळकं गवत जाळा, काटक्या जाळा, ओली चूल सुकवायला आणखी जाळा. मोळ्यांवर मोळ्या संपू लागल्या.

बगळेसाहेबांना कळलं, की सरपण उलट जास्त जळतंय. ते एका पायावर उभे राहिले. मग दुसऱ्या पायावर. शेवटी म्हणाले, "पोस्टरं कमी पडतायत."

झाडाझाडावर पोस्टर आलं. एक हत्ती जरा वेळ उभा राहिला, तर त्यालाही लावलं.

मग एका सकाळी भारी दव पडलं. काटक्या भिजल्या. गारगोटीची ठिणगी उडायची आणि मरायची. चिमीची छाती घरघरायला लागली. ठकूबाई सोनाक्काकडे धावली.

"माझीपण विझलेली गं," सोनाक्का म्हणाली. "हुकूम पाळला ना मेला."

तेवढ्यात ठकूबाईला लांब धूर दिसला. तिनं ओव्याची पुरचुंडी कमरेला खोचली, चिमीला पोटाशी धरलं, कारण साळिंदराच्या पाठीवर पोर बसत नाही, आणि धुराकडे निघाली.

धूर सरपण-बचाव खात्याचा होता. तीन धोंड्यांवर मोठी कढई, खाली अख्खे ओंडके धडधडतायत. कढईत पोस्टरं चिकटवायची खळ रटरटतेय.

"साहेब, गोवरीपुरता विस्तव द्या. पोर कोंदलीय."

"विस्तव देणंघेणं बंद आहे. पोस्टर वाचलं नाही?"

"वाचता येत नाही. चित्र पाहिलं. चित्रातली बाई विझल्या चुलीपुढं हसत होती. तिला पोर नसावं."

बगळा खाकरला. त्याला नियम मोडवेना आणि पोरीची घरघरही ऐकवेना. तो वाईट नव्हता, पोरांनो. नुसता साहेब होता.

"विस्तव मिळणार नाही," तो म्हणाला. "पण पोस्टर वाचायला इथं कुणीही थांबावं. वाचणाऱ्याला हाकलायचं नाही, असा हुकूम आहे."

"वाचता येत नाही म्हटलं ना."

"मग सावकाश वाचा."

ठकूबाई कढईजवळ बसली. कढईच्या अंगाला पुरचुंडी टेकवून तिनं पोरीला शेकलं. थोड्या वेळानं चिमीनं मोठा श्वास घेतला आणि खायला मागितलं.

दुसऱ्या दिवशी सोनाक्का वाचायला आली. मग हरणं आली, रानडुकरं आली. कुणी पाणी तापवायला आणलं, कुणी भाकरी भाजून घेतली. हात विस्तवाकडे, पाठ पोस्टराकडे.

एकदा राजाची स्वारी तिथून चालली होती. खात्यापुढं एवढी गर्दी पाहून त्याचा ऊर भरून आला. "प्रजेला काटकसरीची केवढी ही गोडी," तो म्हणाला, आणि दर आळीला एक कढई मंजूर केली. पलीकडच्या राजाला ते पाहवलं नाही. त्यानंही एक बगळा गाठला आणि त्याहून मोठ्या कढया मांडल्या.

कढयांना लाकूड लागलं. ते भट्ट्यांचं घेतलं. दोन्हीकडचे भाले घडायचे थांबले. नुसत्या डरकाळ्यांवर किती दिवस लढणार? फौजा घरी आल्या.

ठकूबाईचा नवराही आला. चुलीत हात घालून बघितला, तर थंडगार. "विस्तवाशिवाय दिवस काढलेस कसे?" त्यानं विचारलं.

"रोज वाचायला जात होते," ठकूबाई म्हणाली.

तात्पर्य, पाठ करून टाका: काटकसर कधी करू नये, ती शिकवावी. करणाऱ्याची चूल विझते, शिकवणाऱ्याच्या कढईखाली जाळ कमी पडत नाही. शिकवता येत नसेल तर शिकवणाऱ्याला अगदी खेटून बसावं. काय शिकवतो ते नाही कळलं तरी चालेल.