लक्ष्मीला झालेला संसर्ग

वसंत तावड्यांच्या घरात दिवाळीच्या तोंडावर आजारपण शिरलं. आजारी पडली ती नाणी. ऑनलाइन मागवलेली तांब्याची पाच सातवाहनकालीन नाणी त्यांनी दसऱ्याला मोठ्या कौतुकाने देव्हाऱ्यात, कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवली होती. निवृत्त माणसाने छंद जोपासावा असं सगळेच म्हणतात. त्या छंदाबरोबर लालबागच्या दोन खोल्यांत राहायचं मात्र त्यांच्या बायकोला, लतिकाबाईंना होतं.

नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकताच कोणीतरी कळवलं, "ही फिकट हिरवी भुकटी कसली? तांब्याचा रोग दिसतोय. पसरतो. आधी वेगळी काढा." परीक्षाही सोपी होती. लाकडी काडीने हलकेच खरवडायचं. भुकटी पडली तर रोग. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असला तर ते नाण्याचं कवच, त्याला धक्का लावायचा नाही.

पाचही नाण्यांची भुकटी पडली. त्यांची रवानगी प्लास्टिकच्या डब्यात झाली आणि डब्यावर चिठ्ठी चिकटली : 'संसर्ग. हात लावू नये.' मग वसंतरावांना आठवलं. कुंकवाच्या त्या डबीत सहावं नाणंही होतं.

"त्याला हात लावायचा नाही हां," लतिकाबाईंनी बजावलं. "रामूआजोबांनी गावाहून मिलमध्ये येताना धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली लक्ष्मी आहे ती. सासूबाईंनीपण कधी घासली नाही. नुसतं कुंकू लावायच्या."

"अगं, पण इतके दिवस ती रोग्यांच्यात झोपलीय!"

"ती ठणठणीत आहे. बीपीच्या गोळ्या तुम्हाला चालू आहेत."

लतिकाबाई चकल्यांचं पीठ दळायला गेल्या आणि वसंतरावांनी काडी उचलली. नाण्यावरून काहीच पडेना. रोग खोलवर गेलाय, असं त्यांनी ठरवलं. काडी मोडली तेव्हा सुरी घेतली, सुरी घसरली तेव्हा पॉलिश पेपर. भुकटी पडेपर्यंत त्यांनी खरवडलं, आणि पडल्यावर स्वतःशीच म्हणाले, "बघ! मी म्हटलं नव्हतं?" मग खबरदारी म्हणून दुसरी बाजूही खरवडली.

दुसऱ्या दिवशी सहाही रोगी घेऊन ते गिरगावात गौतम करंदीकरांकडे गेले. करंदीकरांचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. त्यांनी कसल्याशा औषधात कापूस बुडवून पहिल्या नाण्यावर फिरवला. कापूस हिरवागार झाला.

"ह्यांना काही झालेलं नाही, वसंतराव. वरून रंग फासलाय. यंदाचीच ओतलेली आहेत."

"म्हणजे रोग नाही?" वसंतरावांना आधी आनंदच झाला.

"व्हायला नाणं जुनं तर हवं!"

मग करंदीकरांनी सहावं नाणं उचललं. भिंगाखाली धरून त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या.

"ही शिवराई होती."

"होती?"

"आता 'श्री' तेवढं उरलंय. बाकीची अक्षरं ताजी गेलेली दिसतात. ह्याच्यावर चांगलं कवच असणार हो. कोणी घासलं?"

"घरात... दिवाळीची साफसफाई चालली होती," वसंतराव पुटपुटले. दोष आपसूक बायकोवर गेला हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली. आजोबा, वडील, आई यांनी डोळ्यांसमोर ठेवून जपलेली वस्तू त्यांनी एका दुपारीत संपवली होती.

घरी येऊन त्यांनी सगळं कबूल केलं. लतिकाबाई चकल्या तळत राहिल्या. त्या भांडल्या असत्या तर वसंतरावांना बरं वाटलं असतं.

लक्ष्मीपूजनाला चकचकीत झालेली शिवराई पाटावर बसली. लतिकाबाईंनी तिच्यावर इतकं कुंकू लावलं, की गेलेली अक्षरं कोणाला शोधायलाच नकोत. वसंतरावांना रडू येत होतं. फूल वाहायला त्यांनी हात पुढे केला, तसा लतिकाबाईंनी पाट अलगद मागे ओढला.

"तिथूनच नमस्कार करा."

त्यांनी तिथूनच नमस्कार केला. थोड्या वेळाने लाह्या-बत्तासेही तिथेच आले, विसळून पुसलेल्या प्लास्टिकच्या डब्यातून. डब्यावरची चिठ्ठी लतिकाबाईंनी काढली नव्हती.