परीक्षक बघून कुत्रं

“ह्या बाईपुढं राणीला न्यायचं न्हाय. बाईला दाट केस लागत्यात, अन् आपली राणी पडली विरळ.”

कुंपणापलीकडून हे ऐकलं तेव्हा आम्ही लासुर्ण्यात नुकतेच राहायला आलो होतो. शेजारचे तात्या ओट्यावर एकटेच बसले होते, हातात मोबाईल. राणी कुठेच दिसत नव्हती.

राणी मोबाईलमध्ये होती. त्या खेळात कुत्री पाळायची, पिल्लं वाढवायची आणि प्रदर्शनात उतरवायची. परीक्षक म्हणजे ठिकठिकाणचे दुसरे खेळाडू, आणि प्रत्येकाची आवड निराळी. एकच कुत्रं एकाकडे पहिलं, दुसऱ्याकडे शेवटचं. तात्यांनी सगळ्यांच्या खोडी ओळखून त्यांना नावं ठेवली होती. ही केसवाली बाई. दुडक्या चालीवर भाळणारे ते दुडकेराव. शेपूट वर असल्याशिवाय मार्क न देणारे शेपूटमामा.

“परीक्षक बघून कुत्रं काढावं,” हे तात्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. डाळिंबाची पेटीसुद्धा ते व्यापारी बघून रचत. मी लोणी देवकरला मुलाखतीला निघाले, तर फाटकापाशीच अडवलं.

“मुलाखत कोण घेणार हाय?”

“माहीत नाही.”

“मग चाललीस कुठं?”

नोकरी लागली, तरी “नशिबानं लागली” असंच म्हणाले.

समोरचे बापूराव येता-जाता चिडवत. “तात्या, तुमचं कुत्रं भाकर खात न्हाय, भुंकत न्हाय. पाळलंय कशापायी?”

“तुमी दोन्ही करताय, बापूराव. तुमाला कुणी पाळलंय का?”

मी फार बोलत नाही. शाळा बारामतीला इंग्रजी माध्यमात झाली; मराठीत काही चुकलं तर लोक हसतील, ही धास्ती अजून आहे. तात्यांना ते बरंच वाटायचं. खेळातलं इंग्रजी वाचायला ते मला बोलावत. तात्यांची बायको वारल्यापासून ओट्यावर एकच खुर्ची असे. माझ्यासाठी ते आतून दुसरी आणत, आणि मी उठले की लगेच आत नेऊन ठेवत.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. एवढे परीक्षक पाठ असलेला माणूस दर रविवारी एकाच परीक्षकाकडे सुलतान नावाचं दुसरं कुत्रं उतरवायचा. सुलतानचे कान लोंबते. बाकी कुणालाच ते आवडत नसत, तरी तात्यांनी पिढ्यान्पिढ्या पिल्लं निवडून ते मुद्दाम इतके लोंबते केले होते. रविवारी निकाल लागेपर्यंत चहासुद्धा घेत नसत.

“हे परीक्षक कोण?” मी एकदा विचारलं.

त्यांनी सदऱ्यानं मोबाईल पुसला.

“आमची पोरगी, सुजाता. बंगळूरला असती. हा खेळ तिनंच शिकवला मला. लग्न तिनं तिच्या मनानं केलं, मी नको ते बोललो. तवापास्नं बोलणं न्हाय. ती लहान असताना घरातलं कुत्रं आसंच होतं, कान लोंबतं. मी दुसऱ्याच नावानं खेळतो. तिला ठाव न्हाय.”

मग हळूच म्हणाले, “माझ्याशी बोलत न्हाय. पर कुत्र्याला पैकीच्या पैकी देती.”

गेल्या रविवारी सुलतान पुन्हा पहिला आला. या वेळी निकालाखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. तात्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. मी मराठीत सांगितलं, “असे कान मी फक्त आमच्या घरी पाहिलेत. तुम्ही कोण?”

तात्या उठले, परत बसले.

“लिही, एक हौशी माणूस हाय म्हणून. तुझ्या इंग्रजीत, झ्याक लिही. खरं कळलं तर ती परत परीक्षकच व्हायची न्हाय. एवढा रविवार बी जायचा माझा.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “का खरं आवडंल तिला? तुला काय वाटतं?”

सगळ्या परीक्षकांच्या खोडी सांगणारा माणूस मला विचारत होता. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत मी कधी तोंड घालत नाही. मी टाइप करायला अंगठे उचलले, मग मोबाईल त्यांच्याच हातात दिला.

“तुम्हीच लिहा, तात्या. मराठीत. आणि ती तुम्हाला जी हाक मारायची, ती खाली लिहा.”