पंचवीस अक्षरांत निरोप

शाळेतून लवकर निवृत्ती घेऊन चित्रकलेचे मास्तर प्रोग्रामिंग शिकायला लागले, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यांच्या बायकोला, म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंना झाला. त्याआधी ते बासरी शिकत होते.

धड्यात स्वाध्याय होता: रोजची बारीकसारीक कामं करणारी फंक्शनं, म्हणजे प्रोग्रामचे छोटे तुकडे, लिहा आणि त्यांचा एक संच, म्हणजे लायब्ररी, तयार करा. मास्तरांनी एक फंक्शन शब्दांमधल्या जास्तीच्या जागा काढणारं लिहिलं, एक तारीख नीट मांडणारं, आणि एक लांबलेला मजकूर पंचवीस अक्षरांवर कापणारं. या तिसऱ्यावर त्यांचा भारी जीव. स्वतः पाल्हाळ लावणाऱ्याला दुसऱ्याचं पाल्हाळ कापायला फार आवडतं.

प्रयोगाला घरात हक्काचं गिऱ्हाईक होतंच. पेशंटना एकदम निरोप पाठवायचं काम त्यांनी बाईंकडून मागून घेतलं, आणि त्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामला ही तिन्ही फंक्शनं जोडून टाकली.

मुलीच्या पोहण्याची अंतिम फेरी शेजारच्या शहरात, दुपारी होती. बाईंनी तिची एकही शर्यत आजवर पाहिली नव्हती. दर वेळी कोणाची तरी दाढ आडवी यायची. "या वेळी आकाश कोसळलं तरी जायचं," त्या म्हणाल्या. आदल्या दिवशी मास्तरांनी निरोप लिहिला: 'उद्या दवाखाना उघडा राहणार नाही'. अक्षरं बोटांवर मोजली, ती पंचविसाच्या आत भरली, आणि बटण दाबलं.

सकाळी दोघं बसला निघायला खाली उतरली, तर दवाखान्याच्या पायऱ्यांवर ही रांग!

"तुम्ही सगळे कसे काय?" बाई थबकल्या.

"निरोप आला ना," सुजलेला गाल धरून वकीलसाहेब म्हणाले. "'उद्या दवाखाना उघडा राहणार.' एरवी कधी कळवत नाही तुम्ही. म्हटलं, काहीतरी विशेष दिसतंय."

"अहो, काय पाठवलंत तुम्ही?"

"अगं, बंद असल्याचंच! वाचता येत नाही लोकांना, त्याला मी काय करू?"

पण वकिलांचा गाल बघून बाईंचा पाय निघेना. "एवढे एक बघते," त्या कुलूप काढत म्हणाल्या. "बाकीच्यांना येऊ नका म्हणून कळवा."

मास्तरांनी वर जाऊन तातडीने कळवलं: 'कालचा निरोप चुकला, आज येऊ नका'. लगेच फोन वाजला.

"मास्तर, निरोप मिळाला. 'कालचा निरोप चुकला, आज येऊ.' अहो, अवश्य या! डॉक्टर घरी येतात हे माहीतच नव्हतं. सासूबाईंची कवळी काढूनच ठेवते."

तो ठेवतात तो दुसरा. "लिफ्ट बंद आहे हं. चार मजले चढाल ना?"

शिंपी तर सहकुटुंब दारात हजर. "तुम्ही कशाला त्रास घेता? आम्हीच आलो."

रांग फाटकाबाहेर गेली. बसही गेली. बाईंनी आतूनच, मान वर न करता सांगितलं, "पोरीला कळवा, नाही जमत म्हणावं." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सवयीने त्यांनी त्याच प्रोग्राममध्ये लिहिलं: 'आज आम्ही तिकडे येऊ शकणार नाही'.

उत्तर क्षणात आलं: 'खरंच शकणार? आईसुद्धा? पाण्यात उतरायच्या आधी मी तुम्हाला शोधणार!'

मास्तर चरकले. त्यांनी गेलेले निरोप उघडून पाहिले. 'ना' हे त्यांनी एक अक्षर धरलं होतं. संगणकाने 'न' वेगळा मोजला आणि काना वेगळा. काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांचा हिशेब लावून पंचविसावर त्याने कात्री चालवली होती. आणि मराठी माणूस 'नाही' म्हणतो ते नेमकं शेवटी.

फोन घेऊन ते खाली गेले. बाईंनी वकिलांच्या गालात कापूस बसवला आणि मुलीचं उत्तर वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"तुम्ही काय लिहिलं होतंत?"

"येऊ शकणार नाही, असंच. पण 'नाही' गळलं. कालपासून तेच गळतंय, माझ्यामुळे," मास्तर खाली बघत म्हणाले. "तिला फोन करून नीट सांगतो."

बाईंनी हातमोजे काढले. "पुढची बस कधी आहे?"

"अर्ध्या तासाने. पण अगं, ते 'नाही'—"

"गळू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्चीवरचा दिवा मालवला.